कंदीलवाल्या बाईंचं वर्गमूळ

शाळेच्या पुस्तकातली फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. हातात कंदील, डोक्यावर पांढरी टोपी आणि दोन्ही बाजूंना जखमी सैनिकांच्या खाटा. चित्राखाली चार ओळी, परीक्षेत एका मार्काची गाळलेली जागा. संपलं! मलाही यापलीकडे फारसं माहीत नव्हतं, आणि या बाईंची पुन्हा गाठ पडेल ती कॉम्प्युटर लॅबमध्ये, असं तर स्वप्नातही वाटलं नव्हतं.

झालं असं, की यंदा आमच्या इलेक्टिव्हला जावास्क्रिप्टमध्ये इंटरॅक्टिव्ह चार्ट बनवायचा मिनी प्रोजेक्ट होता. माउस नेला की आकडा दिसला पाहिजे, क्लिक केलं की वर्ष बदललं पाहिजे, वगैरे. बऱ्याच ग्रुप्सनी नाइटिंगेलबाईंचा डेटा उचलला. कारण उघड आहे, टेबल छोटं आहे. २४ महिने, मृत्यूची तीन कारणं, एका पानात मावतं. आमच्या ग्रुपचा विषय वेगळा होता आणि काम लवकर आटोपलं होतं, त्यामुळे सबमिशनच्या आठवड्यात अख्ख्या मजल्यावरचे बिघडलेले चार्ट एकेक करून माझ्या टेबलावर यायला लागले. टपरीवरच्या चहाच्या बोलीवर मी ते बघत गेलो. एकाच डेटावर इतक्या तऱ्हेचे घोळ बघितल्यावर वाटलं, की ज्या बाईंनी हे ब्राउझर नसताना, कागदावर उभं केलं, त्यांनी हे सगळं कसं निभावलं असेल? म्हणून त्यांचं चरित्र वाचायला घेतलं. तेच इथे सांगतोय, पण माझ्या पद्धतीनं, म्हणजे मध्येमध्ये कन्सोल उघडत.

जन्म १२ मे १८२०, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात. आईवडील श्रीमंत इंग्रज, लग्नानंतर युरोपच्या लांबलचक सफरीवर निघालेले. मुलगी ज्या शहरात झाली त्याचंच नाव तिला दिलं. थोरली बहीण नेपल्सची, म्हणून तिला त्या शहराचं जुनं ग्रीक नाव, पार्थेनोपी. (ही पद्धत आपल्याकडे असती तर आमच्या वर्गात निम्मी मुलं लातूर आणि सांगली नावाची असती!) इंग्लंडमध्ये डर्बीशायर आणि हॅम्पशायर अशा दोन ठिकाणी त्यांची मोठी घरं होती. वडिलांनी दोन्ही मुलींना स्वतः शिकवलं. लॅटिन, ग्रीक, इतिहास, तत्त्वज्ञान. फ्लॉरेन्सला मात्र गणित हवं होतं, आणि तिथे घरात अडलं. लग्न करून संसार करणाऱ्या मुलीला गणित कशाला, हा प्रश्न आपल्याकडच्याही कित्येक आज्यांनी ऐकलेला आहे. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर शिकवणी मिळाली.

१८३७ मध्ये, वय वर्षं सोळा असताना, देवानं आपल्याला सेवेसाठी हाक दिली असं तिला वाटलं. सेवा म्हणजे नेमकं काय हे ठरायला आणखी काही वर्षं गेली, आणि ठरलं तेव्हा घरात भूकंप झाला. कारण त्या काळात हॉस्पिटलमध्ये रुग्णांची देखभाल करणं हे खानदानी घरातल्या मुलीचं काम नव्हतंच. श्रीमंतांवर घरी उपचार व्हायचे, हॉस्पिटल ही गरिबांची जागा. तिथे काम करणाऱ्या बायकांबद्दल लोक फार वाईट बोलायचे. मग पुढची बरीच वर्षं नुसती घुसमट. एका चांगल्या, सुसंस्कृत माणसाचं स्थळ तिनं कित्येक वर्षं विचार करून शेवटी नाकारलं. या काळात ती पहाटे उठून, घर जागं व्हायच्या आत, मेणबत्तीच्या उजेडात हॉस्पिटलांचे आणि सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचायची, आकड्यांच्या नोंदी काढायची. मला या चरित्रात सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे. कोणी सांगितलं नव्हतं, परीक्षा नव्हती, सर्टिफिकेट मिळणार नव्हतं. तरी बाई टेबलं वाचत होत्या.

१८५१ मध्ये जर्मनीत, ऱ्हाइन नदीकाठच्या कायझर्सवर्थ इथल्या संस्थेत तीन महिने शिकायची परवानगी मिळाली. १८५३ मध्ये लंडनला आजारी स्त्रियांच्या एका छोट्या संस्थेची व्यवस्था हातात आली. पगार नाही. वडिलांनी वर्षाला ५०० पौंडांची सोय करून दिली, म्हणून जमलं. इथून पुढे मी त्यांना बाईच म्हणतो.

१८५४ च्या मार्चमध्ये ब्रिटन रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धात उतरलं. लढाई काळ्या समुद्राच्या उत्तरेला क्रिमियात आणि मुख्य हॉस्पिटल समुद्र ओलांडून स्कुटारीला, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधल्या उस्कुदार भागात. तिथल्या जखमींचे हाल लंडनच्या वृत्तपत्रात छापून आले आणि देशभर गहजब झाला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून बाई २१ ऑक्टोबर १८५४ ला ३८ परिचारिकांना घेऊन निघाल्या आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोचल्या. हॉस्पिटल म्हणजे तुर्की सैन्याची प्रचंड मोठी बराक. लांबच लांब व्हरांडे, जमिनीवर टेकवलेले रुग्ण, खाली तुंबलेली गटारं. बाईंनी धुलाईची सोय केली, स्वयंपाकघर मार्गी लावलं, सरकारी भांडारात न मिळणारं सामान स्वतःकडच्या निधीतून विकत आणलं. रात्रीचा राउंडही खरा आहे. फक्त चित्रात दाखवतात तसा तो अल्लाउद्दिनचा दिवा नव्हता, कागदाचा घडीचा तुर्की कंदील होता.

आणि तरीही माणसं मरत राहिली. नुसती राहिली नाहीत, वाढली. जानेवारी १८५५ चे संपूर्ण पूर्वेकडच्या ब्रिटिश सैन्याचे आकडे असे: सैन्य ३२,३९३. साथीच्या आणि तत्सम रोगांनी मेले २,७६१. जखमांनी मेले ८३. इतर कारणांनी ३२४. पुन्हा एकदा वाचा. युद्ध चालू आहे, समोर तोफा आहेत, आणि महिन्याभरात जखमांनी ८३ जण जातात तर कॉलरा, आमांश, तापानं पावणेतीन हजार. फेब्रुवारीत स्कुटारीच्या हॉस्पिटलमध्ये दाखल रुग्णांमागे मृत्यूचं प्रमाण ४२.७ टक्क्यांवर गेलं होतं.

मार्च १८५५ मध्ये लंडनहून सॅनिटरी कमिशन आलं. त्यात डॉ. जॉन सदरलंड होते आणि रॉबर्ट रॉलिन्सन होते. हे रॉलिन्सन कोण? सिव्हिल इंजिनिअर! सिव्हिलच्या पोरांनी इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही. त्यांनी गटारं उपसून धुवून काढली, हवा खेळती केली, पाण्याचा मार्ग तपासला. पिण्याचं पाणी ज्या पाटातून येत होतं त्यात चक्क मेलेला घोडा कुजत पडलेला सापडला. जूनपर्यंत मृत्यूचं प्रमाण ४२.७ वरून २.२ टक्क्यांवर आलं. त्याच वर्षी ब्रुनेल या जगप्रसिद्ध इंजिनिअरनं इंग्लंडमध्ये सुटे भाग बनवून रेंकिओई इथे जोडायचं एक अख्खं हॉस्पिटल डिझाइन केलं. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

ऑगस्ट १८५६ मध्ये बाई खोट्या नावानं प्रवास करून गुपचूप घरी परतल्या. देशात त्यांच्या नावाची गाणी, पुतळे, रिबिनी. त्यांना त्यात काडीचा रस नव्हता. त्यांना हिशेब हवा होता. एवढी माणसं का मेली? सप्टेंबरमध्ये राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, पाठपुरावा केला आणि १८५७ मध्ये सैन्याच्या आरोग्यावर रॉयल कमिशन नेमलं गेलं. बाई स्त्री असल्यामुळे त्याच्या सदस्य होऊ शकत नव्हत्या. पण प्रश्न त्यांचे, साक्षीदारांची निवड बरीचशी त्यांची, आकडे त्यांचे. त्यांना साथ मिळाली विल्यम फार यांची. फार हे जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातले संख्याशास्त्रज्ञ, त्या विषयातलं देशातलं मोठं नाव.

पहिली अडचण आपल्या सगळ्यांचीच: डेटा गलिच्छ. एका खात्याच्या नोंदीत मृत्यू एक, दुसऱ्याच्या नोंदीत वेगळेच. आजारांची नावं प्रत्येक डॉक्टरची आपापली. बाई आणि फार यांना ही टेबलं आधी एकमेकांशी ताडून बघावी लागली. आमच्या मजल्यावर आलेल्या पहिल्या चार्टचं दुखणं हेच होतं, फक्त छोट्या प्रमाणात. चार्टमधली जानेवारीची पाकळी स्क्रीनच्या बाहेर कुठेतरी अंतराळात गेलेली. पार्टनर तास दोन तास पाकळ्या काढायचा कोड वाचत बसलेला. खरं दुखणं फाइल वाचतानाच झालं होतं. सीएसव्हीतून येणारा प्रत्येक आकडा हा आकडा नसतो, अक्षरांची माळ असते. ती तशीच ठेवून सर्वात मोठी किंमत शोधली तर तुलना शब्दकोशासारखी, पहिल्या अक्षरावरून होते. मग रोगांच्या रकान्यात सर्वात मोठा आकडा २,७६१ न सापडता ९१ सापडतो, कारण ९ हे २ च्या नंतर येतं! स्केल ९१ धरून बेतलं गेलं आणि जानेवारी त्याच्या तीसपट बाहेर. आणि आकड्यात स्वल्पविराम असेल तर रूपांतर करताना नॅन मिळतं, पाकळी गायबच. म्हणून पहिलं काम एकच. चित्राकडे बघूच नका, डेटाची पहिली ओळ कन्सोलवर छापा आणि प्रत्येक किमतीचा प्रकार तपासा.

दुसरा चार्ट आला त्यात सगळं एक महिना मागे सरकलेलं. एप्रिल १८५४ च्या जागी मार्च, आणि जानेवारीतला कहर डिसेंबरात. मला आधी वाटलं नेहमीचंच असणार. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, एप्रिल म्हणजे ३. पण ते बरोबर होतं. मग तारीख छापून बघितली तर १ एप्रिलऐवजी ३१ मार्च, वेळ १८ वाजून ६ मिनिटं ३२ सेकंद. हे भलतंच. आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे मध्यरात्रीचे तिकडे आदल्या दिवशीचे साडेसहा वाजतात हे ठाऊक होतं. पण ६ मिनिटं ३२ सेकंद? थोडं शोधल्यावर कळलं, की साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळच मुळात १९०६ पासूनची. या टेबलातल्या तारखांना ब्राउझर आपल्यासाठी कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ वापरतो, ग्रीनिचच्या ५ तास ५३ मिनिटं आणि वर काही सेकंद पुढची. स्थानिक मध्यरात्रीची तारीख बनवायची आणि मग आयएसओ स्वरूपात छापून पहिली सात अक्षरं लेबल म्हणून कापायची, असं केलं की महिना घसरलाच. तारीख बनवताना आणि छापताना दोन्हीकडे यूटीसी वापरलं की प्रश्न मिटतो. घड्याळाच्या इतिहासावरचा असा व्हायवा मी तरी कधी दिला नव्हता.

तर बाईंकडे परत. ऑगस्ट १८५७ मध्ये त्या कोसळल्या. क्रिमियात लागलेला ताप पुढे कायमचा पाठीशी लागला. आज बरेच जाणकार तो ब्रुसेलोसिस असावा असं मानतात. त्यानंतरची कित्येक वर्षं त्यांनी बहुतेक काम खोलीतून, पलंगावर बसून केलं. पण काही अभ्यासकांचं म्हणणं असं, की दुखणं नुसतं शरीराचं नव्हतं. स्कुटारीला असताना त्यांची समजूत होती की माणसं उपासमार, थकवा आणि उशिरा दाखल होण्यामुळे मरतात. घरी येऊन हॉस्पिटलांची टेबलं शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं, की आघाडीवरच्या हॉस्पिटलांपेक्षा स्कुटारीत जास्त मेले. म्हणजे त्यांच्याच हॉस्पिटलमध्ये. ज्या व्हरांड्यातून त्या रात्री कंदील घेऊन फिरल्या, त्याच्याच खालची गटारं माणसं मारत होती. या मताबद्दल इतिहासकारांत वाद आहेत, पण ते टेबल बाईंनी दडवलं नाही एवढं नक्की. देशानं जिला देवी केलं होतं तिला गप्प बसणं किती सोपं होतं!

१८५८ मध्ये त्यांनी आठशेहून जास्त पानांचा अहवाल खासगीरीत्या छापून योग्य त्या माणसांच्या हाती दिला. मंत्री आठशे पानं वाचणार नाहीत हे त्यांना पक्कं माहीत होतं. फार यांचं मत होतं की आकडेवारी कोरडीच असावी. बाईंना ते पटलं नाही. त्यांना चित्र हवं होतं. चित्र काढायची कल्पना त्यांची नवीन नव्हती. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरनं पाय चार्ट १८०१ मध्येच छापला होता, आणि खुद्द फार यांनी कॉलऱ्याच्या अहवालात गोलाकार आकृत्या वापरल्या होत्या.

पहिल्या आकृतीत बाईंनी प्रत्येक महिन्यासाठी केंद्रापासून एक रेघ काढली, लांबी मृत्युदराच्या प्रमाणात, आणि रेघांची टोकं जोडून आतला भाग रंगवला. आकार दिसायचा वटवाघळाच्या पंखासारखा. आता गंमत बघा. लांबी बरोबर आहे, पण डोळा लांबी बघत नाही, रंगवलेला भाग बघतो. आणि क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गानं वाढतं, हे दहावीचं गणित. जानेवारी १८५५ घ्या. रोगांचे मृत्यू जखमांच्या ३३ पट. पाकळीची त्रिज्या ३३ पट धरली, तर रंगवलेला भाग जवळजवळ ११०० पट दिसणार! बाईंच्या बाजूचंच अतिशयोक्त चित्र होतं हे. मंत्री हादरले असते, राणी हादरली असती. कोणी पकडलंही नसतं कदाचित. पण विरोधकांपैकी एखाद्या सैनिकी डॉक्टरनं पकडलं असतं तर त्याबरोबर सगळे आकडेही खोटे ठरले असते. पुढच्या आकृतीत बाईंनी पद्धत बदलली. प्रत्येक महिन्याला ३० अंशांची स्वतंत्र पाकळी, आणि पाकळीचं क्षेत्रफळ मृत्युदराच्या प्रमाणात. म्हणजे त्रिज्या वर्गमूळाच्या प्रमाणात. ३३ पटीला त्रिज्या फक्त पावणेसहा पट. चित्र मवाळ झालं, पण खरं झालं.

हाच घोळ तिसऱ्या चार्टमध्ये जसाच्या तसा! एका लायब्ररीत तयार चार्ट मिळतो, त्याच्या नावात एरिया शब्द आहे, पण आत त्रिज्या सरळ आकड्याच्या प्रमाणात धरलेली. नावावर विश्वास ठेवला की बाईंच्या पहिल्या आकृतीपाशी जाऊन पोचलात. कन्सोलवर एकही लाल ओळ येत नाही, टूलटिप अचूक आकडा सांगतो, आणि चित्र खोटं बोलत असतं. म्हणून मला हा सर्वात वाईट बग वाटतो. ओरडणारा बग परवडला. डी-थ्री वापरत असाल तर सरळ प्रमाणाच्या स्केलऐवजी वर्गमूळाचं स्केल लावा, आणि ते शून्यापासून सुरू होतंय हे बघा. मध्यभागी शोभेचं भोक ठेवलंत तर वर्गमूळही चुकतं, तिथे त्याच लायब्ररीतलं रेडियल स्केल लागतं. तपासायची पद्धत सोपी आहे. एका महिन्याचा आकडा बरोबर चौपट करून बघा. त्रिज्या दुप्पट झाली पाहिजे, चौपट नाही.

चौथ्या चार्टमध्ये टूलटिप काही पाकळ्यांवर येतच नव्हता. तर बाईंच्या आकृतीत तीन रंग: निळा रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. हे तीन रंग एकावर एक रचलेले नाहीत, तिन्ही केंद्रापासूनच सुरू होतात, एकावर एक झाकून. एसव्हीजीत जो आकार नंतर काढला तो वर. निळी मोठी पाकळी शेवटी काढली की खालच्या लाल-काळ्या तिच्याखाली गुडुप, माउस त्यांच्यापर्यंत पोचणारच कसा? प्रत्येक महिन्यात तिन्ही किमती उतरत्या क्रमानं लावून मग काढायच्या, म्हणजे लहान पाकळी वर येते. एकच क्रम सगळ्या महिन्यांना चालत नाही, कारण मोठं कोण हे दर महिन्याला बदलतं. बाईंनाही हे सुटलेलं नव्हतं. नोव्हेंबर १८५४ मध्ये काळी सीमा लाल भागातून जाते, तिथे त्यांनी मुद्दाम वेगळी काळी रेघ काढली. काही महिन्यांत दोन रंगांच्या सीमा एकमेकींवर येतात, कोणत्या महिन्यात कोणत्या, ते आकृतीखालीच लिहून ठेवलं. टूलटिप नसताना टूलटिपचं काम!

एक प्रश्न मात्र मी बाईंनाच विचारला असता. आकृती दोन वर्तुळांत आहे. उजवीकडे एप्रिल १८५४ ते मार्च १८५५, डावीकडे त्यापुढचं वर्ष. कमिशन मार्चमध्ये आलं, म्हणून तोडही बरोबर तिथेच. बघणाऱ्याला वाटतं, इकडे राक्षस आणि तिकडे बाळ, सगळी किमया गटारांची. पण टेबल बघितलं तर रोगांचे मृत्यू जानेवारीत २,७६१, फेब्रुवारीत २,१२० आणि मार्चमध्ये १,२०५. म्हणजे उतार आधीच सुरू झाला होता. हिवाळा सरत होता. आणि जूनमध्ये पुन्हा ८०२ दिसतात. स्वच्छतेचा परिणाम मोठा होता हे मलाही पटतं, पण तोड कुठे घ्यायची यातही वकिली असते. साधा बार चार्ट काढला असता तर हा उतार लगेच दिसला असता. कदाचित म्हणूनच त्यांनी तो इथे काढला नसावा.

बार मात्र त्यांनी दुसरीकडे वापरले, आणि माझ्या मते ती त्यांची जास्त ताकदवान आकृती. युद्ध नाही, साथ नाही, इंग्लंडमधल्या बराकीत शांतपणे राहणारे सैनिक, आणि त्याच वयाचे सामान्य नागरिक. प्रत्येक वयोगटात सैनिकांची पट्टी लांब. नागरिकांत हजारी ११ मृत्यू तर सैन्यात तुकडीनुसार १७ ते २०. निवडून घेतलेले तंदुरुस्त जवान, आणि ते जास्त मरतात! बाईंनी हिशेब मांडला की हे म्हणजे दरवर्षी ११०० जवानांना मैदानात उभं करून गोळ्या घालण्यासारखं आहे. यानंतर बराकींची दुरुस्ती, सैन्याची वैद्यकीय शाळा, सैन्याच्या आरोग्याची नियमित आकडेवारी ही कामं एकामागून एक सुरू झाली. हर्बर्ट यांनी यासाठी जिवाचं रान केलं आणि १८६१ मध्ये ते गेले. ते आजारी असतानाही बाईंनी त्यांना उसंत दिली नाही, हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य करावं लागतं.

१८५८ मध्येच लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं त्यांना सदस्य करून घेतलं, पहिली स्त्री सदस्य. १८६० मध्ये सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये परिचारिकांची शाळा सुरू झाली. त्याच वर्षी लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे त्यांनी सगळ्या हॉस्पिटलांसाठी आजारांच्या नोंदीचा एकसारखा फॉर्म मांडला. डेटा नंतर साफ करण्यापेक्षा भरतानाच नीट भरा, ही मागणी आजही कोणी ऐकत नाही.

भारतात बाई कधीच आल्या नाहीत, पण भारतावर त्यांनी आयुष्याची तीसेक वर्षं खर्च केली. इथल्या सैन्याच्या आरोग्यावरचं रॉयल कमिशन १८५९ मध्ये नेमलं गेलं. त्यासाठी मुंबई इलाख्यासह देशभरच्या छावण्यांना पाठवलेली प्रश्नावली त्यांनी तयार केली. पाणी कुठून येतं, मैला कुठे जातो, असे प्रश्न. उत्तरांच्या चळतींमधून १८६३ चा अहवाल उभा राहिला. गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर तेव्हा हजारी ६९ होता, दहाएक वर्षांत तो १८ वर आल्याचं त्यांनी पुढे लिहिलं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार जुळला. नंतर सैन्य मागे पडलं आणि गावांची स्वच्छता, दुष्काळ, पाटबंधारे, रयतेचं कर्ज हे विषय आले. हे सगळं लंडनच्या एका खोलीत बसून.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. रोग घाणीतून, दूषित हवेतून उठतात या जुन्या मतावर त्यांचा विश्वास होता आणि जंतूंची कल्पना त्यांनी फार काळ मानली नाही. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ मध्येच पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवलं होतं. तरी गटारं धुणं आणि पाणी स्वच्छ करणं हा इलाज योग्य ठरला. कारण चुकीचं माहीत असताना पॅच बरोबर बसणं... हॉस्टेलवर याची उदाहरणं द्यायला नकोत.

म्हातारपणी त्यांच्या मनात एक गोष्ट राहिली होती. मंत्री आकडेवारी जमवतात पण ती वाचायला कोणी शिकलेलं नसतं, असं त्यांना वाटे. ऑक्सफर्डमध्ये संख्याशास्त्राच्या उपयोगाचं अध्यापन सुरू व्हावं म्हणून १८९१ मध्ये त्यांनी फ्रान्सिस गाल्टन यांच्याशी बोलणी केली, पैसे द्यायचीही तयारी होती. ते जमलं नाही. पुढे दृष्टी गेली. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट मिळालं, हा मान मिळालेली पहिली स्त्री. १३ ऑगस्ट १९१० ला, वयाच्या ९० व्या वर्षी, लंडनमध्ये त्या गेल्या. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन करण्याची तयारी सरकारनं दाखवली होती, पण त्यांच्या इच्छेप्रमाणे घरच्यांनी नको म्हटलं. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो गावच्या छोट्या चर्चच्या आवारात घरच्या लोकांशेजारी त्यांना ठेवलं. दगडावर त्यांच्यासाठी पूर्ण नावसुद्धा नाही, फक्त दोन आद्याक्षरं आणि दोन तारखा.